डाव्या टोकाचे लॉक

मी एक जुना लोखंडी बार आहे. ज्या वर्षी मास्तरांना मुलगी झाली, त्याच वर्षी मी त्यांच्या व्यायामशाळेत आलो. मुलगी पाळण्यात होती आणि मी दाराशी गोणपाटात गुंडाळलेला पडलो होतो. मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या की घरात एकदम दोन जण आले, पण नशीब, रडते एकच.

मित्रांनो, कारखान्यात मला लेथवर फिरवून गुळगुळीत केले आणि मग धरण्याच्या जागी खरखरीत जाळी कोरली. ही जाळी हाताला चावते. नवख्या माणसाची कातडी तिच्यात अडकून राहते. मला डोळे नाहीत, पण तळवा टेकला की माणूस कळतो. भीती कळते, ताप कळतो, आणि माणूस काही लपवत असेल तर तेही कळते.

माझ्या दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा चढवतात. त्या घसरू नयेत म्हणून बाहेरून लॉक लावतात. लॉक म्हणजे जाड लोखंडी कडे आणि त्यात आवळायचा स्क्रू. एकदा एकाने घाईत स्क्रू अर्धाच पिळला. बार डोक्यावर गेला, एका बाजूच्या प्लेटा निसटल्या आणि मी दुसऱ्या बाजूला असा फिरलो की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे खांद्याचे हाड मोडले. ते हाड मोडताना मला जाणवले. पुढे कित्येक दिवस मला पुसणारे फडके त्याच जागी येऊन थांबायचे.

त्या दिवसापासून मास्तरांनी नियम केला. जो वजन उचलणार, त्याने लॉकला हात लावायचा नाही. इतरांपैकी दोघांनी आपणहून पुढे यायचे, एकेका टोकाला लॉक लावायचे आणि त्याच्यासाठी जबाबदार राहायचे. उचलणाऱ्याने मागे वळून तपासायचेही नाही. तपासणे म्हणजे समोरच्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणे. हळूहळू हा नियम त्या जागेचा कायदा झाला. ज्याच्यासाठी कोणी लॉक लावायला येत नाही, तो न बोलता कपडे बदलून निघून जात असे.

इथेच पहाड घडला. त्याचे खरे नाव कोणी घेत नसे. अंगाने थोराड, बोलायला लाजाळू. मास्तरांच्या मुलीला, म्हणजे आमच्या ताईला, तो लहानपणी खांद्यावर बसवून माझ्यासमोर बैठका मारायचा आणि ती मोठ्याने आकडे चुकवत मोजायची. ती त्याला दादा म्हणे. तिच्या पाठचा भाऊ धाकटा तर त्याच्या सावलीसारखा मागे. पहाड मोठमोठ्या स्पर्धा जिंकून आला तेव्हा लोकांनी माझेही फोटो काढले. मित्रांनो, लोखंडालाही कौतुक आवडते.

मग त्याचा तळवा बदलला. तो तापलेला असे, त्याला बारीक कंप असे आणि घामाला औषधाचा वास येई. काही महिन्यांनी तोच वास मला दुसऱ्या एका तळव्याला आला. तो तळवा लहान होता. मी ओरडू शकत नव्हतो. रोज संध्याकाळी ते दोन तापलेले हात माझ्यावर आळीपाळीने पडत, बाजूला उभे राहून मास्तर म्हणत, "अजून थोडं. धाकट्या, तुझ्यात आहे अजून." सगळे खूश होते.

धाकटा मला डोक्यावर धरून उभा असतानाच त्याची बोटे सुटली. मी त्याच्या मागे वजन उचलायच्या ओट्याच्या फळ्यांवर आदळलो आणि तो माझ्याशेजारी पडला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो राहिला नाही. ताकद वाढवणाऱ्या औषधाच्या सुया पहाडाने आणून दिल्या होत्या, टोचल्याही त्यानेच. त्याने कोर्टात ते कबूल केले. बक्षिसे परत घेतली गेली आणि तो तुरुंगात गेला.

मला कोपऱ्यात भिंतीकडे उभे केले. कोणी पुसेना. आधी जाळीत गंज धरला, मग तो टोकांकडे सरकू लागला. मास्तरीणबाई झुरत गेल्या. ताईने नवे बार आणले आणि व्यायामशाळा चालवली. माझ्याकडे येताना ती वाट बदलून जाई.

एके दिवशी सकाळी मास्तरांनी मला बाहेर ओढले. म्हाताऱ्या हातांनी तारेच्या ब्रशने घासले, तेल लावले. मला वाटले होते की मला आनंद होईल. पण त्या हातांत असे काही होते की माझे लोखंड गार पडले.

पहाड सुटून आला होता. त्याला कुठेच काम मिळत नव्हते. गोदामात हमाली मागितली तरी लोक चेहरा ओळखत. तो दाराबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला की मला झाडलोट करायला ठेवा, शिकवायला नको, उचलायला नको.

रोज येणारा टेलर लगेच म्हणाला, "काय पाहुणे, बाटल्या आणल्यात का सोबत? की आता नुसत्या सुयाच? सुया हव्यात तर माझ्या दुकानात या, निदान कापडच शिवलं जातं त्यांनी."

कोणी हसले नाही. पहाडाने मान खाली घातली.

ताई वडिलांना म्हणाली की ह्यांना आत घेतलंत तर मी बाहेर. पूर्वीचा दादा आता 'ह्यांना' झाला होता.

मास्तरांनी हातातला तेलाचा फडका खाली ठेवला. मग म्हणाले, "सुई त्याने दिली. अजून उचल, अजून उचल म्हणणारा मी होतो. मला कुठल्या कोर्टाने बोलावलं नाही." मग ते पहाडाकडे वळले. "इथं नोकरी मागून मिळत नाही. ओट्यावर उभा राहा. दोन माणसं लॉक लावायला आली तर तू इथला. नाही आली तर परत या रस्त्यानेही जायचं नाही."

त्यांनी माझ्यावर प्लेटा चढवल्या. चढवता चढवता मला कळले. धाकट्याच्या डोक्यावर शेवटी होते, तेच ते वजन होते.

उजव्या टोकाला मास्तरांनी स्वतः लॉक लावले. स्क्रू घट्ट बसला. डावे टोक उघडे राहिले. सगळे जण आपापल्या बुटांकडे पाहू लागले. टेलरने रुमाल काढून कोरडेच तोंड पुसले. पहाडाने थोडी वाट पाहिली आणि ओट्यावरून उतरायला पाय उचलला.

तेवढ्यात ताई पुढे आली.

तिने डाव्या टोकाला कडे सरकवले. खाली वाकून तिने स्क्रू धरला आणि मनगट फिरवले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असेल की ती तो आवळते आहे. मित्रांनो, स्क्रू आवळला नाही. कडे माझ्या अंगावर नुसते लटकत होते. हे तिला माहीत होते आणि मला. तिची बोटे बर्फासारखी होती.

ती सरळ उभी राहिली आणि हात मागे बांधून मागे झाली.

पहाडाने तळव्यांना खडूची पूड चोळली. वाकून मला धरले. इतक्या वर्षांनी तो तळवा माझ्यावर आला. मऊ पडला होता, बायकी म्हणावा इतका. त्याने अंदाज घ्यायला मला किंचित हलवले, तशी डावीकडची प्लेट बारीक खडखडली. माझ्याबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला तो आवाज न कळणे शक्य नव्हते. त्याचा हात क्षणभर थांबला. त्याने मागे वळून पाहिले नाही. तळव्याला घाम आला नाही. मला त्या कोरडेपणाची भीती वाटली.

माझ्या उजव्या टोकाशी मास्तर उभे होते. डाव्या प्लेटा निसटल्या असत्या तर मी त्यांच्याच बाजूला फिरलो असतो.

पहाड खाली पाहतच म्हणाला, "मास्तर, तुम्ही जरा मागे सरा."

मास्तरांना काही समजले नाही. "का रे? मी इथंच उभा राहतो नेहमी."

"आज सरा. माझं ऐका."

मास्तर कुरकुरत दोन पावले मागे गेले. पहाडाने श्वास घेतला आणि पाठ ताणली. मी फळ्यांवरून सुटलो, अगदी कागदाएवढा.

"थांब," ताई म्हणाली.

त्याने मला टेकवले. ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी तिने स्क्रू पिळला. हात घसरला तेव्हा ओढणीचे टोक धरून पिळला. मला दुखले, इतका पिळला. मग ती उठली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असे म्हणाली, "माफ केलं असं समजू नकोस. लॉक लावलंय, एवढंच."

"एवढंच पुरे," तो म्हणाला.

त्याने मला खांद्यापर्यंत नेले. डोक्यावर नेण्याची ताकद उरली नव्हती. त्याने मला आवाज न करता खाली ठेवले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टेलर पिशवी उचलत म्हणाला की उद्यापासून झाडायला लवकर येत जा, मी आलो की ओट्यावर धूळ दिसायला नको.

तो येत राहिला. झाडायचा, मला पुसायचा, तेल लावायचा. त्याने पुन्हा वजन उचलले नाही. ताई त्याच्याशी कामापुरते बोले आणि दादा म्हणत नसे. तिने वडिलांचा नियम मात्र बदलला. आता प्रत्येक जण उचलण्याआधी दोन्ही लॉक स्वतः तपासतो आणि कोणाला त्यात अपमान वाटत नाही. तरीही कोणी डाव्या टोकाशी वाकले की माझ्या अंगातून अजून ती थंडी जाते.

मित्रांनो, पहाडाला पुन्हा संधी मिळायला हवी होती का, हे मला विचारू नका. मी लोखंड आहे. मला एवढेच कळते की माझ्या टोकाशी वाकलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्याचा जीव असतो, आणि हे त्याला कोणी पाहत नसतानाही ठाऊक असावे लागते. कोणी तुम्हाला बारवरचे वजन वाढवायला, अजून उचलायला सांगेल, तेव्हा त्याच्या हातात काय आहे ते आधी पाहा. आणि काम झाले की मला कोरडे पुसून ठेवा. गंज आधी बारीक जाळीत धरतो. तिथे तो दिसत नाही.

पहाड परत आला त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मास्तर झोपेत गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी, ताईच्या मुलीचे लग्न झाले त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, पहाड दवाखान्यात वारला. धाकटा त्या दोघांच्याही कितीतरी आधी गेला होता. तो वीस वर्षांचा होता.