जिवंत मातीचा दाखला

माझा धंदा मातीतले जंतू मोजण्याचा. भरपूर निघाले की कागदावर शिक्का मारायचा : 'माती जिवंत'. चोवीस वर्षांत एकाही जंतूने माझी तक्रार केलेली नाही.

दादाने घर घेतलं तेव्हा परसातली माती मीच तपासली. पूर्वी तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे.

"धातूंचीही तपासणी करायची का रे?" दादाने विचारलं.

"जिथे एवढे जंतू सुखाने नांदतात, तिथे विष कसलं?" मी म्हणालो. घरचं काम, म्हणून शिक्क्याऐवजी 'माती जिवंत' हाताने लिहून दिलं. वहिनींनी तो दाखला चौकटीत घालून स्वयंपाकघरात टांगला आणि परसात पालक लावला.

दोन वर्षांनी चिमणीचं, म्हणजे माझ्या आठ वर्षांच्या पुतणीचं, पोट दुखायला लागलं. मग तोंडपाठ पाढे सुटायला लागले. डॉक्टरांना तिच्या रक्तात शिसं सापडलं. "पुढचं थांबवता येईल," ते म्हणाले, "गेलेलं परत येईलच असं नाही."

दादाचा फोन आला. "माती तर तू पाहिलीच आहेस. पाण्यात असेल का?"

"बघतो," म्हणालो आणि पुन्हा परसातली माती आणली. थोडी धातूंच्या यंत्रावर दिली. थोडी एका काचेच्या बशीत पसरली, दुसऱ्या बशीत ऑफिसच्या बागेतली. दोन्ही बशांत जंतूंसाठी घातलेल्या खाद्यात शिसं कालवलं. तिसऱ्या दिवशी बागेतले जंतू साफ झाले होते. दादाकडचे मात्र बशीभर पसरले होते. पिढ्यानपिढ्या शिशात राहून ही मंडळी तयार झालेली. आत शिरलेलं शिसं अंगातल्याच इवल्याशा पंपाने उपसून बाहेर टाकायचं, उरलंसुरलं खडा करून कोपऱ्यात ठेवायचं, आणि ही विद्या शेजाऱ्यालाही देऊन टाकायची. भाऊबंदकी नाही, काही नाही.

यंत्राचा आकडा आला. मी चष्मा पुसला. आकडा तोच राहिला.

दादाकडे गेलो तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात पालक निवडत होत्या. सगळं सांगितलं.

"म्हणजे माती मेलेली होती?" दादाने विचारलं.

"नाही रे. जिवंतच आहे. तिथेच मी फसलो."

वहिनींनी जुडी खाली ठेवली. "भावजी, चिमणी पालकाला नाक मुरडायची. मी म्हणायचे, गुपचूप खा, काकांनी तपासलंय."



चिमणी जवळ आली. "काका, ते जंतू आजारी का नाही पडत?"

"शिसं आत आलं की ते बाहेर फेकतात."

"मला शिकवतील?"

मी भिंतीकडे पाहिलं, म्हणून तिनेही पाहिलं. गेल्या वर्षी ही पोरगी आख्खं वर्तमानपत्र घडाघडा वाचायची. आता चौकटीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावायला लागली.

"मा... ती... जि..."

पुढचं अक्षर तिला लागेना. दादा म्हणाला, "सांग की तिला. तुझंच अक्षर आहे."