नाकीमचा सौदा

साल अठ्ठ्याण्णव. गडमुडशिंगीत जोतीराम सुताराच्या घरी फोन होता, आणि सकाळी अकराला त्याच फोनवर पाँडिचेरीहून दानेश्वरीची तोंडी परीक्षा व्हायची होती. तिथं भाषांतर शिकायला एकाच विद्यार्थ्याची जागा होती. टपालानं आलेला फ्रेंच उतारा वाचून दाखवायचा, एवढंच. पण त्यात एक शब्द असा ठाण मांडून बसला होता की पोरीला चार दिवस अन्न गोड लागेना.

'नू' म्हणजे आम्ही, आणि त्यापुढं येणारं, 'जन्मलो' असं सांगणारं ते रूप. बोलण्यात कुणी वापरत नाही, पुस्तकातच सापडतं. लिहिताना त्याचे तुकडे पडतात तीन. तिला फ्रेंच शिकवणाऱ्या क्रांती मॅडम तीन टाळ्या वाजवून म्हणून घ्यायच्या, ना-की-म. दानेश्वरीनं मात्र कोल्हापुरातल्या लायब्ररीत जाडजूड कोश उघडला, तर उच्चार दोनच तुकड्यांचा. ना-कीम. शेवटचा तुकडा नुसता लिहायचा, म्हणायचा नाही.

आता हे मॅडमना सांगायचं कुणी? बाईंनी तीन वर्षं पोटच्या पोरीसारखं शिकवलेलं. स्वतः गारगोटीत पुस्तकांवर भाषा शिकलेल्या, फ्रेंच माणूस त्यांनीही कधी ऐकला नव्हता. आणि आज फोनशेजारी त्याच बसणार. चुकीचं म्हणावं तर जागा जाते, बरोबर म्हणावं तर मॅडमचं तोंड उतरतं. इकडं आड, तिकडं विहीर.

तिनं बापाला सांगितलं. मल्लाप्पा बैलबाजारातला दलाल, टावेलाखाली समोरच्याची बोटं धरून भावाचा आकडा सांगण्यात हयात गेलेली.

"भर बाजारात कुणाला खाली पाडू न्हाय," आप्पा म्हणाले. "टावेलाखाली बोलायचं. तितं माघार घेतलेली कुणाला दिसत न्हाय."

अकराला पाच मिनिटं असताना सुताराच्या घरात शेजारपाजार जमला होता. मॅडम बाकावर तिला खेटून बसल्या. आप्पांनी खांद्यावरचा टावेल काढून दोघींच्या हातांवर टाकला. मॅडमनी फक्त एकदा त्यांच्याकडं बघितलं. गारगोटीचा बाजार बघितलेली बाई ती, तिला काय समजावून सांगायचं?

दानेश्वरीनं मोकळ्या हातानं उताऱ्यातला तो शब्द दाखवला. तिनं मॅडमची दोन बोटं धरली. मॅडमना कळलं. त्यांनी तिसरं बोट पुढं केलं. तिनं ते सोडून पुन्हा दोनच धरली. बाईंचा हात ताठ झाला, आणि फोन वाजला.

ती वाचू लागली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तरी ते तिसरं बोट तळव्याला टोचतच होतं. शब्द अगदी तोंडाशी आला, आणि मॅडमनी ते बोट हळूच मिटून घेतलं.

"नू नाकीम," दानेश्वरी म्हणाली, आणि पुढं वाचत गेली.

उतारा संपल्यावर पलीकडच्या बाईंनी जूनमध्ये हजर व्हायला सांगितलं. आप्पांनी टावेल उचलून झटकला आणि खांद्यावर टाकला. कुणी काही विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतं.

"दाने, तिकडं कान उघडे ठेव," मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या. "माझं आणखी काय काय चुकलंय, ते पत्रानं कळव."