नवव्या दिवसाची फुलं

लुसिलाला माती देऊन आसुन्ता घरी आली आणि अंगावरची शालही न काढता आधी मागच्या अंगणात गेली. खोक्यावरचं ओलं पोतं उचलून तिनं पाहिलं. लाल, बारीक गांडुळं उजेडाला भिऊन एकमेकांखाली शिरत होती. एकुलती एक लेक गेली, आणि तिचे हे किडे मात्र मजेत! आसुन्ताला त्यांचा राग आला. मग यांच्याशिवाय आपल्याला आता कुणीच उरलं नाही हे ध्यानात आलं, आणि ती तिथंच मटकन बसून रडली.

ते खोकं लुसिलानं केलेलं. खर्च म्हणावा तर काही नाही. फळवाल्यानं टाकून दिलेलं लाकडी खोकं, बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं, गळतीचं पाणी धरायला खाली माशांचा रिकामा डबा. आत भिजवून फाडलेली वर्तमानपत्रं, मक्याची वाळकी पानं आणि स्वयंपाकघरात चुलीपाशी खाण्यासाठी पाळलेल्या गिनीपिगांच्या लेंड्या. मूठभर गांडुळं चर्चच्या माळ्यानं दिली होती. वरून बटाट्याची सालं, कॉफीचा चोथा, अंड्याची टरफलं चुरून.

"लिंबाची सालं नको टाकूस, आई. आणि मीठ लागलेलं तर मुळीच नको. मरतील बिचारी."

"वा! माणसांना सणासुदीला मटण, आणि हिच्या किड्यांचं पथ्यपाणी बघा! जावयानंसुद्धा इतकं मिरवून घेतलं नव्हतं."

"जावई पळाला ना पण? ही नाही पळायची."

असं दोघींचं चाले. त्या खतावर परसातले बटाटे असे माजले की शेजारणी कुंपणावरून वाकून बघत.

एक गोष्ट मात्र आसुन्ताला सलत होती. त्यांच्या कायाम्बेच्या सगळ्या खोऱ्यात प्लास्टिकच्या छपराखाली परदेशी पाठवायचे गुलाबच गुलाब. लुसिलाही तिथंच कामाला. देठ वाकडा निघाला की ते फूल परदेशी जात नाही, कामाच्या बाया घरी नेतात. प्रत्येकीच्या खिडकीत गुलाब असत. लुसिलानं मात्र इतक्या वर्षांत एक पाकळी आणली नाही. आणि घरी आली की आईनं जवळ घ्यायच्या आधी ही नळाखाली, साबण घेऊन. "मडमेचे नखरे!" आसुन्ता म्हणे. "दिवसभर गुलाबांत लोळतेस, आणि आईला एक फूल नाही?"

"फुलंच हवीत ना तुला? ही घे." लुसिला वाफ्यातलं बटाट्याचं जांभळं फूल खुडून आईच्या कानामागे खोवायची. आसुन्ता हसायची, पण मनातली अढी काही जात नव्हती.

मग लुसिलाचं डोकं दुखायला लागलं, अन्न पोटात ठरेना, नाकातून रक्त यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, रक्ताचा आजार. तो कशानं झाला हे कुणी विचारलं नाही, आणि विचारून तरी काय होणार होतं!

मयताला मळ्यातल्या बायांनी लांब देठाचे लालभडक गुलाब आणले, वाकडा एकही नव्हता. माणूस गेल्यावर फुलांना तोटा नसतोच. आसुन्ता शवपेटीवर हात ठेवून म्हणाली, "आणलीस गं बाई एकदाची फुलं!" ऐकणाऱ्या सगळ्या रडल्या.

मयताला आलेलेच काही गुलाब वेदीवर ठेवून नऊ दिवस संध्याकाळी घरात प्रार्थना झाल्या. नवव्या दिवशी वेदी उतरवली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, ही फुलं ओढ्यात टाकू. आसुन्तानं टाकू दिली नाहीत. लेकीची फुलं लेकीच्याच गांडुळांना घालू, त्यांची माती होईल, त्या मातीत बटाटे लावू, त्यांना फुलं येतील, असा तिनं मनाशी हिशेब केला. सुरीनं बारीक चिरून तिनं ती खोक्यात पसरली आणि वर ओलं पोतं टाकलं. त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

दोन-तीन दिवसांनी ती सालं घालायला गेली. गांडुळं खोक्याच्या बाहेर होती. काही फळीला चिकटून वाळलेली, काही जमिनीवर मुंग्यांनी धरलेली. आत हात घातला तर नुसता चिकट लगदा आणि सडक्या माशांसारखा वास.

कुंपणापलीकडे झोइला कपडे वाळत घालत होती. लुसिलाच्याच मळ्यातली, लेकीच्या वयाची. आसुन्ताची हाक ऐकून ती धावत आली.

"मीच मारली गं," आसुन्ता म्हणाली. "रोज यांच्यावर वाकून रडत बसले. मीठ नको म्हणून सांगितलं होतं तिनं."

झोइलानं काडीनं लगदा उकरला. लाल पाकळ्या वर आल्या, अजून ताज्याच होत्या.

"मावशी, यात गुलाब घातलेत?"

"तिचेच. का?"

झोइलानं काडी टाकून दिली. मग म्हणाली, "रडण्यानं नाही मेली ही गांडुळं. लुसिला फवारणीवर होती. कुठल्या फुलावर कसलं विष पडतं ते तिला ठाऊक होतं. मी घरी फुलं नेली की माझ्यावर ओरडायची."

"मग मला का नाही बोलली? मी टोचून टोचून खाल्लं तिला!"

"सांगू नको म्हणायची. आईला कळलं तर मला कामावर जाऊ देणार नाही, आणि मग दोघींनी खायचं काय, असं म्हणायची."

आसुन्ता हातातल्या मेलेल्या गांडुळांकडे बघत राहिली. दोन-तीन दिवसांत ही अशी झाली. लुसिला तिथं वर्षानुवर्षं उभी होती.

"आणि मी तिच्या पेटीपुढं बोलले गं," ती म्हणाली. "आणलीस एकदाची फुलं, असं बोलले." झोइलानं तिला धरलं.

बऱ्याच वेळानं ती उठली. कब्रस्तानात जायचं होतं. कबरीवरचे उरलेले गुलाब काढून टाकायचे होते, आणि लेकीला दुसरं काही न्यायचं होतं. ती वाफ्याकडे गेली, बटाट्याच्या जांभळ्या फुलाकडे हात नेला आणि थबकली. मागं वळून नळापाशी गेली. साबण घेऊन तिनं हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले, लुसिला घरी आल्यावर धुवायची तसे. मग तिनं फूल खुडलं.