आलेखात नसलेला खड्डा

मित्रांनो, मी एक जुना किरणमापक आहे. जुना आहे, बिघडलेला नाही. आमच्या प्रयोगशाळेचे नवे प्रमुख काहीही सांगोत.

शिशाच्या जाड विटांत माझ्या नळ्या रचल्या, टेकडीवरच्या खोलीत मला बसवलं आणि काम नेमून दिलं: अवकाशातून दूरवरून येणारे कण मोजायचे. खरं तर ते कण वरच हवेवर आदळतात आणि माझ्यापर्यंत पोचतो तो त्यांचा भुगा. तोच मी इमानेइतबारे मोजतो.

हे कण सरळ येत नाहीत. सूर्य आपलं चुंबकीय क्षेत्र वाऱ्यासोबत चहूकडे फेकत असतो, आणि स्वतः गरगर फिरत असल्यामुळे ते क्षेत्र लांबलचक पीळ घेत पसरतं. कणांना त्या पिळांतून गिरक्या घेत, मध्येच माघारी फिरत वाट काढावी लागते. सूर्य खवळला की असा दाट, गुंतलेला लोट सोडतो की कितीतरी कण वाटेतूनच परतवले जातात. म्हणजे वादळ मोठं, तर माझा आकडा लहान. एवढं साधं आहे हे.

निरीक्षक बाईंना ते तोंडपाठ होतं. माझ्यावर फडकं मारताना त्या मला म्हातारबा म्हणायच्या. मोठ्या वादळात आकडा कसा घसरतो आणि मग हळूहळू कसा सावरतो, या अभ्यासात त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती. हवं होतं फक्त एक मोठं वादळ. ते आलं, तेव्हा बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या.

माझा आकडा धाडकन खाली आला. प्रमुखांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सूर्यावर एवढा उत्पात चाललाय म्हणजे कण वाढायला हवेत, तेव्हा हे यंत्रच गचकलं, असं त्यांनी ठरवून टाकलं. बाईंना विचारायची तसदीही घेतली नाही. माझ्या नळ्यांवरचा विजेचा दाब ते वाढवत गेले. मग मी कणांसोबत नळ्यांतल्या विजेच्या नको त्या कुरबुरीही मोजू लागलो आणि आकडा रोजच्या जागी आला. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

बाई परतल्या तोवर वादळ ओसरलं होतं. आलेखावर जिथे खोल खड्डा हवा, तिथे सपाट रेघ होती.

"बंद पडायला आलं होतं, मी नीट केलं," प्रमुख म्हणाले.

"यंत्राला काही झालं नव्हतं, सर. सूर्याला झालं होतं. त्याला का नाही नीट केलंत?"

बाईंनी स्वतःच दाब पूर्ववत केला.

वरती कळवलं गेलं की या वादळाचा इथे काही परिणाम दिसला नाही. सही प्रमुखांची, नाव माझं. खोटं बोलायला लावलं त्यांनी आणि खोटा ठरलो मी. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली तर सोसेन, गंज चढला तरी एक वेळ सोसेन. पण तुम्हाला न पटणारं सांगितलं म्हणून माझी मान पिरगाळू नका. आधी बाहेर काय घडतंय ते बघा. सूर्य पुन्हा खवळेल आणि माझा आकडा पुन्हा घसरेल. तेव्हा बाई इथे नसतील. त्या येत्या महिन्यात निवृत्त होत आहेत.