एका कुत्र्याच्या दोन फायली

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. हातांची, तपकिरी गादीची आणि स्वभावाने पक्की संशयी. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण मी सहसा कुणावर ठेवत नाही.

मला बनवणाऱ्या सुताराने गिऱ्हाइकाला सांगितलं की लाकूड सगळं सागाचं आहे. माझा मागचा डावा पाय सागाचा नाही, हे फक्त त्याला आणि मला ठाऊक. आयुष्याची सुरुवातच अशी झाल्यावर मी भाबडी कशी राहणार? पुढे मी एका कारखान्याच्या चौकशी विभागात गेले. चोरी, मारामारी, खोटी रजा, ज्याच्यावर आरोप असेल त्याला माझ्यावर बसवायचे. बारा वर्षं मी थापा ऐकल्या. काही लपवणारा माणूस बोलता बोलता पाय मागे ओढतो, हे मी तिथेच शिकले. तिथले अधिकारी कौतुकाने म्हणायचे, "या खुर्चीवर बसलं की माणूस खरं ओकतोच." मग कारखाना बंद पडला आणि मी गोदामात पालथी पडले. तीन वर्षं कुणी साधी धूळसुद्धा झटकली नाही.

तिथून मला आणलं ते जनावरांच्या दवाखान्यात. मागच्या छोट्या खोलीत माझ्यासमोर एक स्टूल आहे आणि मध्ये कागदी रुमालांचा डबा. ज्यांचं पाळलेलं जनावर गेलं आहे, अशी माणसं इथे येऊन समुपदेशक ताईंशी बोलतात. पहिल्याच दिवशी मला वाटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. मांजरासाठी धाय मोकलून रडणारा बसचालक? पोपट गेला म्हणून दोन महिने धड न जेवणाऱ्या मुख्याध्यापिका? सोंगं असतील! मी प्रत्येकाचे पाय बघत बसायचे. पण कुणाचे मागे जात नव्हते, आणि त्यामुळे मी आणखीच बुचकळ्यात पडायचे.

मग दर सोमवारी घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा येऊ लागले. त्यांचा म्हातारा कुत्रा गेला होता. ताईंची पद्धत अशी, की फाइलीवर माणसाचं नाव लिहायचं नाही, जनावराचं लिहायचं. आजोबांच्या फाइलीवर 'साहेब' लिहिलं होतं. आजोबा रडत मात्र नव्हते.

"सून म्हणते, झोपेत गेला," ते म्हणाले. "मी औषध आणायला बाहेर पडलो होतो. आलो तर सगळं संपलेलं. पण ताई, पुरताना मी बघितलं. पुढच्या पायावरचे केस दोन बोटं भादरलेले होते. झोपेत गेलेल्याचे केस कोण भादरतं? सुई टोचायलाच ना?"

"तुम्ही सुनेला विचारलंत?"

"नाही. तिनंच केलं असेल तर मी त्या घरात राहणार नाही. बहिणीकडे निघून जाईन."

आजोबांचे पाय सरकन मागे आले. मी तिथेच ताडलं, या माणसाच्या पोटात काहीतरी आहे.

गुरुवारी कपडे शिवणारी एक बाई यायची. तिच्या फाइलीवर 'गुंड्या' होतं. "तीन दिवस तो नुसता कण्हत होता हो," ती म्हणाली. "सासरे रोज म्हणायचे, उद्या बघू. ते बाहेर गेले आणि मी डॉक्टरांना घरी बोलावलं. कागदावर सही मी केली. त्यांना करावी लागली असती तर ते कोलमडले असते. आता ते माझ्याकडे बघतात आणि बोलत नाहीत. नवरा बाहेरगावी, घरात आम्ही दोघंच. हे निघून गेले तर मी काय करू?"

ती गेल्यावर माझ्या गादीवर चार राठ केस राहिले, मुळाशी पांढरे, टोकाला तांबूस. आजोबांच्या स्वेटरवरून पडलेले केस हुबेहूब तसेच होते. फायली दोन, कुत्रा एक! एकाच घरात सासरे त्याला साहेब म्हणत होते आणि सून गुंड्या.

ताईंच्या हे लक्षात आलं होतं का? एका गुरुवारी त्यांच्या वहीत साहेब आणि गुंड्या एकाच वेळेला लिहिले गेले. त्या म्हणतात, चूक झाली. मला अजून खात्री नाही.

सून माझ्यावर बसली होती. दार उघडून आजोबा आत आले आणि तिथेच थबकले.

सून उठली. "बाबा, सही मी केली. तो झोपेत नाही गेला. मी खोटं बोलले."

आता हे तडक बहिणीकडे जाणार, अशी माझी खात्री झाली. आजोबांनी विचारलं, "तेव्हा तो एकटा होता?"

"नाही. डोकं माझ्या मांडीवर होतं."

आजोबा माझ्यावर बसले. "औषधाचं दुकान कोपऱ्यावरच आहे," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम. मी दोन तास बाकावर बसून होतो. तू डॉक्टरांना बोलावशील, हे मला कळत होतं. मला ते बघायचं नव्हतं, पोरी. म्हणून तुझ्यावर टाकून गेलो, आणि वर तुझ्यावरच संशय घेत बसलो."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं पाय बघितले, पण माणूस पाय मागे का ओढतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मग आजोबा म्हणाले, "तो दाराकडे बघत होता का गं?"

 एक 'नाही' म्हटलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं. त्या घटकेला मी स्वतः तिला ती थाप माफ केली असती.

"हो," ती म्हणाली. "बघत होता."

आजोबा रडले. दोन्ही हातांनी माझे हात घट्ट धरून रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "बस इथं. सगळं सांग मला, पहिल्यापासून." ताईंनी आपलं स्टूल सुनेला दिलं आणि त्या भिंतीशी उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माझी गादी उसवली आहे, तिला चार टाके घाला. पण त्याआधी एक ऐका. कुणाचं जनावर गेलं की "दुसरं आणा" असं म्हणू नका. त्याचा शेवटचा दिवस कसा गेला ते विचारा, आणि सांगून होईपर्यंत जागचे उठू नका.