मापाला स्वतः या

मी मापाचा ब्लाऊज बोलतोय.

अंगात घालायचे ब्लाऊज वेगळे आणि मी वेगळा. वाण्याच्या दुकानातलं किलोचं वजन पाहिलंय ना? ते कुणी विकत घेत नाही, पण त्याच्याशिवाय डाळही विकली जात नाही आणि साखरही नाही. तसाच मी. घरात नवं कापड आलं की आधी मला पिशवीत टाकायचं, टेलरकडे न्यायचं आणि म्हणायचं, "याच मापाचा शिवा." एवढा मान भल्याभल्यांना मिळत नाही.

माझा जन्म भिलाईतला. नेहरू नगरात एका कोचिंग क्लासच्या जिन्याखाली मथुराकाकूंचं शिलाईचं दुकान आहे. वर पोरं गणितं सोडवतात आणि खाली काकू बायकांची मापं घेतात. काकूंचे यजमान केवलराम हथखोजच्या एका कारखान्यात आहेत. त्यांनी सळीचे तुकडे वाकवून दुकानात आकडे लावून दिले आहेत. शिवून झाल्यावर तीन दिवस मी अशाच एका आकड्याला लटकलो होतो, आणि माझं सगळं शिक्षण त्या तीन दिवसांत झालं. शाळेत काय शिकवतात मला माहीत नाही, पण गिऱ्हाईक ओळखायचं तर दुकानातच.

एक बाई आल्या, म्हणाल्या, "दोन इंच कमीच पकडा, मी डाएट सुरू करतेय." काकूंनी विचारलं, "कधीपासून?" बाई म्हणाल्या, "सोमवारपासून." काकूंनी माप लिहिलं ते अंगाचं, सोमवारचं नाही. दुसऱ्या एकीनं बहिणीचा ब्लाऊज पाठवला होता आणि निरोप होता, "माझं पण असंच आहे थोडंफार." थोडंफार! या धंद्याचं जेवढं नुकसान उंदरांनी केलं नसेल तेवढं या शब्दानं केलंय.

माझी मालकीण गीता. लग्न होऊन स्मृति नगरात आली तेव्हा तिनं डाळिंबी रुबिया कापडातून मला शिवून घेतलं. पहिल्याच खेपेला असा बसलो, की तिनं आरशात मागून-पुढून चारदा पाहिलं. "काकू, आता सगळे याच्यावरूनच शिवायचे," ती म्हणाली, आणि मी मापाला लागलो.

काकूंनी दोन्ही कुशींना आत बरंच जास्तीचं कापड सोडलं होतं. शिवणकामात त्याला माया म्हणतात. गीता कुरकुरली, "एवढं कशाला काकू? आत टोचतं."

"राहू दे वं," काकू म्हणाल्या. "बाईचं माप एका जागी रायते का?"

राहिलं नाहीच. ईरा पोटात होती तेव्हा माझी पहिली शिलाई उसवून काकूंनी दुसरी घातली. ईरा झाली, दूध आलं, आणि दुसरी उसवून तिसरी घातली, अगदी काठाला. बाकीचे ब्लाऊज बसेनात म्हणून मी रोजच्या वापरात आलो. साहेबाला फाइल सोडून फावडं धरावं लागावं तसं झालं. पण खरं सांगतो, तो काळ मला फार आवडला. एकदा हळदीकुंकवाला दुसऱ्याच कुणाचं बाळ रडलं आणि इथं मी भिजलो. गीतानं पदर पुढं ओढला आणि हातात वाण घेऊन तशीच हसत उभी राहिली. तिच्या त्या हसण्यात थोडी ऐट होती. ती मी अंगावरून पाहिली आहे.

ईरा पावणेदोन वर्षांची झाली आणि दूध तोडायचं ठरलं. सासूबाईंनी कडुलिंबाचा पाला वाटून दिला. ईरानं तोंड लावलं, चेहरा वाकडा केला, थू थू केलं. सगळ्यांना वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब ओला रुमाल घेऊन हजर. "आई, पूस."

घर हसलं. गीतानं कडुलिंब बाजूला ठेवला आणि एकेक वेळ कमी करत नेली. शेवटी राहिली दुपारची. त्या वेळी बाप, म्हणजे श्रीधर, शिफ्ट बघून तिला थोपटायला बसायचा. ईराला झोप येईना. मग तिनं दोरीवरून मला ओढलं, माझी डावी बाही मुठीत धरली आणि झोपली. माझ्यात दुधाचा वास मुरलेला होता ना.

इकडे पहिले तीन-चार दिवस गीताची छाती दगड झाली होती. शेजारच्या नर्सबाईंनी सांगितलं, "थोड़ा-थोड़ा निकालो, पूरा नहीं. ठंडा रखो. बुखार आया तो सीधे डॉक्टर." श्रीधर पत्ताकोबी घेऊन आला. सासूबाई म्हणाल्या, "कोरडी करू की रस्सा?" ती पानं फ्रिजमध्ये गार करून छातीवर ठेवायची आहेत हे त्यांना सांगताना श्रीधरचे कान लाल झाले.

दुखणं ओसरलं आणि मग जे व्हायचं ते सावकाश झालं. दूध गेलं आणि त्याबरोबर भरलेपण गेलं. पाळी सुरू झाली. फणीत केस येऊ लागले. अंगावर पाजताना लागायची ती भूक मात्र तशीच राहिली. गीता आरशासमोर उभी राहायची, मला वर ओढायची, खाली ओढायची. वर मी लोंबत होतो. ईरा आता मागत नव्हती. गीताला जे हवं होतं तेच झालं होतं, आणि तेच तिला बोचत होतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

त्यातच नणंदेचं, कीर्तीचं लग्न ठरलं. सासूबाईंनी गीताला चांपा गावच्या कोसा रेशमाची साडी घेतली, अस्सल. त्यातला ब्लाऊजपीस एकच, कात्री लागली की विषय संपला. कीर्तीनं जुना अल्बम काढला आणि म्हणाली, "वहिनी, यार, काय दिसायचीस तू! माझ्या फोटोंत अशीच पाहिजेस हं."

ती प्रेमानंच बोलली. पण बोल कुठे लागावा हे बोलणाऱ्याच्या हातात नसतं.

दुसऱ्या दिवशी गीतानं मला ईराच्या उशाकडून उचललं, खसाखसा धुतलं आणि वाळल्यावर सुईदोरा घेऊन बसली. डाळिंबी दोरा नव्हता, म्हणून काळा घेतला. जिथं माझी पहिली शिलाई होती, त्याच जुन्या टोच्यांवरून तिनं मला पुन्हा शिवलं. मग कोशाच्या तुकड्यासोबत श्रीधरच्या हाती दिलं. "याच मापाचा सांग."

माझा जीव धसकला. छातीचा आकडा तिचा जवळजवळ पूर्वीइतकाच आला होता, हे खरं. पण ठेवण बदलली होती, आणि खालचा घेर चार बोटं वाढला होता. माझ्यावरून कोसा कापला तर तो तिला होणार नाही हे मला माहीत होतं. पण कितीही कळत असलं तरी माणसांपुढं कपड्याला तोंड नसतं.

"शुक्रवारी द्या काकू," श्रीधर दुकानात जाऊन म्हणाला. "लग्न आहे."

काकूंनी मला उलटं केलं. चष्मा नाकावर घेतला. "हा काळा दोरा माह्या दुकानचा नाही."

"मला काय कळतं काकू? दिलंय ते आणलंय."

काकूंनी तिथूनच फोन लावला. "काहून वं गीता? ब्लाऊज भेटला, कोसा भेटला, नवरा बी भेटला. बाई कुठं हाये?"

"काकू, टाइमच नाही हो. ईरा सोडत नाही."

"तर मंग कोसा तसाच नेसजो. मी कात्री लावत नाही."

संध्याकाळी गीता आली. काकूंनी पडद्याआड तिला मला घालायला लावलं. वर टकांमध्ये, म्हणजे छातीच्या चुण्यांत, नुसती हवा होती, आणि खाली हूक काजापासून दोन बोटं लांब. गीतानं श्वास ओढून आणखी एकदा लावून पाहिलं. मग तिचे हात खाली आले.

"आधी असं नव्हतं काकू."

"आधी तुले पोरगी बी नव्हती."

"दूध होतं तोवर निदान भरलेली तरी होते. आता मी ना तेव्हासारखी, ना त्याच्या आधीसारखी. मग मी आहे कशासारखी?" तिनं पदर डोळ्यांना लावला.

 काकूंनी मला काढायला लावून शिलाईच्या टेबलावर उलटं पसरलं, आणि केवढी लाज वाटली मला! आतल्या बाजूला टोच्यांच्या तीन रेघा स्पष्ट दिसत होत्या.

"हे पाय. ही पयली, ही दुसरी, ही तिसरी. उसवलं तरी टोचे रायतेत. इस्त्री फिरव, पानी मार, नाही जात. म्हणून कापड फाटलं का?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माह्या तिसऱ्या लेकरानंतर पाच वर्सं मी कोनाले माप घेऊ देलं नाही. सोता टेलर, अन् सोताचा ब्लाऊज अंदाजानं कापे. चार कापडं वाया घातली. यायले अजून माहीत नाही."

"कुणाला, केवलरामकाकांना?"

"मंग! त्यायले वाटते उंदरानं खाल्ली."

गीताला रडता रडता हसू येऊ लागलं. काकूंनी टेप काढली. "श्वास सोड."

"सोडलाय."

"झूठ. पोट आत हाये. लग्नात जेवनार हाये का नुसती वाढून राहनार?"

गीता खदखदून हसली. पोट सुटलं, आणि नेमक्या त्याच क्षणी काकूंनी टेपवरचा आकडा वाचून वहीत उतरवला. तीस वर्षं धंदा केलाय त्यांनी. गिऱ्हाईक हसलं की खरं माप मिळतं.

माझ्यासारखी कटोरी, म्हणजे छातीला वाटीचा कट, रद्द झाली. लांब शिवणीचा वेगळा कट ठरला, आत मऊ अस्तर, आणि कुशीला भरपूर माया. या वेळी गीता कुरकुरली नाही.

लग्नाला मी नव्हतो. परत आल्यावर कपाटात कोशाच्या ब्लाऊजनंच सांगितलं. तो जरा तोऱ्यात असतो, पण खोटं बोलत नाही. "जेवली," तो म्हणाला. "दोन जिलब्या घेतल्या, माझा एकही हूक कुरकुरला नाही. मग दुपारी ईरा पेंगुळली. मांडीवर चढली आणि सवयीनं माझ्या गळ्यात हात घातला. म्हणाली, 'दूदू संपलं?' गीता म्हणाली, 'संपलं.' पोरीनं तिथं गाल टेकला, थोडा दाबून पाहिला. म्हणाली, 'मऊ आहे.' आणि झोपली. स्टेजवरून कीर्ती ओरडतेय, 'वहिनी, फोटो!' आणि गीता म्हणते, 'ईरा उठली की येते.' अर्धा तास हलली नाही. मी पार चुरगळलो."

"मग फोटोत कशी आली?" मी विचारलं.

"चुरगळलेली," कोसा म्हणाला. "छान आली."

आता मापाला एक हिरवा सुती ब्लाऊज जातो, तिच्या आजच्या अंगाचा. पोरगा नवा आहे, शिकेल. काकूंनी माझा काळा दोरा उसवून दिला. मला ईराच्या उशाशी परत ठेवलंय. धुतलं तेव्हा माझ्यातला दुधाचा वास गेला होता. ईरानं मला हुंगलं, क्षणभर विचार केला आणि चालवून घेतलं.

जाता जाता एक सांगतो. टेलरकडे जुना ब्लाऊज पाठवू नका. स्वतः जा, श्वास सोडून उभ्या राहा. आम्ही कपडे जुनीच गोष्ट सांगत राहतो, दुसरी आम्हाला येत नाही.

आणखी बोललो असतो, पण दुपार झाली. ईरा मला शोधत येते आहे, आणि तिला डावी बाहीच लागते.