जयवंताच्या हातातला मी

मित्रांनो, मी पखवाज आहे. वयाने जुना, फणसाच्या लाकडाचा. माझा जन्म सावंतवाडीकडचा. कारागिराने खोड आतून कोरून काढलं, दोन्ही तोंडांवर कातडं चढवलं, उजव्या बाजूला शाई भरली आणि चामड्याच्या वाद्या ताणून पहिली थाप मारली. मी दचकलोच. हा आवाज माझा आहे, हे कळायलाही मला वेळ लागला.

मला मुंबईला आणलं जयवंतने. तो गिरणीत मागावर काम करायचा आणि घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावरच्या चाळीत राहायचा. एकटाच होता. थोरली बहीण वनमाला शेजारच्याच चाळीत होती. तिचे यजमान दशरथबुवा त्याच गिरणीतले, आणि आमच्या भजनी मंडळाचे बुवा. बुवा पेटी घेऊन गायचे, जयवंत मला पुढ्यात घेऊन साथीला बसायचा.

गिरणीत जयवंतची ओळख म्हणजे बिल्ल्यावरचा नंबर. पण डबलबारीला, म्हणजे दोन मंडळांच्या भजनाच्या सामन्याला, माईकवरून पुकारा व्हायचा, ‘पखवाजाला जयवंत!’ लोक टाळ्या वाजवायचे आणि त्याची पाठ ताठ व्हायची. खरं सांगतो, त्या टाळ्या माझ्याच आहेत असं मलाही वाटायचं.

बुवा गाताना मध्येच थांबून अर्थ सांगायचे. एकदा मंडळातल्या कुणीतरी विचारलं, “बुवा, मीपण टाकायचं म्हणजे नेमकं काय करायचं?”

बुवा म्हणाले, “वायच सरकायचा. दुसऱ्याक बसाक जागा करून द्यायची. बाकी काय नाय.”

मग ब्याऐंशीचा संप आला. महिने गेले, वर्ष गेलं, गिरणी काही उघडली नाही. बुवांनी स्टेशनबाहेर भाजीची पाटी लावली. जयवंतला कुठेतरी रखवालदारी मिळाली, पण त्या खाकी कपड्यात तो स्वतःलाच ओळखायचा नाही. त्याच्याजवळ उरलो मी, आणि माईकवरचं ते नाव. त्याने दोन्ही घट्ट धरून ठेवलं. तो माझ्या वाद्या जास्तच ताणू लागला, हात जोरात पडू लागला. तिकडे गिरणीतल्या कापसाच्या धुळीने बुवांची छाती धरली होती. त्यांचा आवाज खाली खाली जात होता आणि माझा वर चढत होता.

भांडुपच्या बारीत बुवांचा सूर माझ्याखाली पार बुडाला. बारी संपल्यावर मंडपामागे ते खोकत म्हणाले, “जयवंता, माझो आवाज ऐकाक येना नाय. वायच हळू वाजव.”

“लोक माझो हात ऐकाक येतत, भावोजी.”

“रे, आपण भजनाक बसतो. हात दाखवूक नाय.”

जयवंतचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, “गिरण गेली. आता ह्यो हात पण सोडू? मगे मी कोण रवलंय, तां सांगा.”

मीपणावर इतकं बोलणारे बुवा खाली वाकून पेटीचं झाकण लावू लागले. जयवंतने मला खांद्याला लावलं आणि निघून गेला. पुढे त्याने नाहूरला खोली घेतली आणि मंडळाचं नावच टाकलं. दुसऱ्या मंडळांची बोलावणी आली, ती त्याने परतवली. त्याला वाटायचं, बुवा येतील, दारात उभे राहून म्हणतील, तुझ्याशिवाय चालत नाही. दाराकडे बघत बसायचा. बुवा आले नाहीत.

आली ती वनमाला. जिने चढून दमली होती, पाणीही प्यायली नाही. “जयवंता, चल. तेंका तुझो पखवाज ऐकूचो हा.”

“तेंनी स्वतः बोलवूक व्हया.”

वनमाला म्हणाली, “तेंचो आवाज गेलो रे. बोलवतले कशे?”

तरी तो उठला नाही. ती गेल्यावर मात्र खोलीभर येरझाऱ्या घालत राहिला. सकाळ होताच त्याने मला उचललं आणि असल्फ्याचा डोंगर जवळजवळ धावतच चढला.

बुवा अंथरुणाला खिळले होते. जयवंतने मला पुढ्यात घेतलं आणि साधा ठेका धरला. बुवांचे ओठ हलू लागले. ऐकू काहीच येईना, म्हणून जयवंतने हात हलका केला. तरी येईना. आणखी हलका केला. शेवटी नुसती बोटं माझ्यावर फिरत होती, तो कान पुढे करून खाली वाकला होता, आणि त्याला एक अक्षरही मिळत नव्हतं.

वनमालाने त्याच्या मनगटावर हात ठेवला. “थांब आता,” ती म्हणाली. “गेले ते.”

त्यानंतर जयवंतने मला हात लावला नाही. बहिणीकडे जातो, बसतो, परत येतो. परवा एका नव्या मंडळाची माणसं पत्ता शोधत आली. त्यांनी विचारलं, “पखवाजवाले जयवंत तुम्हीच ना?”

तो म्हणाला, “नाय. तो दुसरो कोणतरी होतो.” आणि त्याने दार लोटलं.

मित्रांनो, माझ्या वाद्या सैल पडल्यात, कातडं आकसलंय. ते नवं चढवता येतं. तोंडावरच्या कातडी पुड्या कितीदा बदलल्या, तरी लोक मला पखवाजच म्हणाले. त्या माणसाची मात्र मला फार काळजी वाटते. तो दिवसचे दिवस कुणाशी बोलत नाही, दिवाही लावत नाही. मला दुरुस्त करायची घाई नाही. तुमच्यापैकी कुणी नाहूरला उतरलात, तर त्याच्या दारावर थाप मारा. उघडलं नाही तर पुन्हा मारा. आणि त्याला वाजवायला सांगू नका. नुसतं नावाने हाक मारा.